ड्वार्फ सिक्लिड पाळायचाय? आधी ओळख, मग पाणी, मासा शेवटी

ओळखीची सुरुवात माशाच्या नाकापासून करा. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना डोळ्यापुढे दर बाजूला दोन छिद्रं असतात, सिक्लिड कुळातल्या माशांना मात्र एकच. मग बाजूने बघा. पाठीवर एकच लांब पर, त्याचा पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ. अंगावरून शेपटीकडे जाणारी बारीक ठिपक्यांची रेषा मध्येच तुटते आणि थोडी खाली सरकून पुन्हा सुरू होते. एवढं जुळलं की मासा सिक्लिड आहे असं धरायला हरकत नाही.

आता 'ड्वार्फ'. हा शब्द शास्त्राचा नाही, हौशी लोकांचा आहे. पूर्ण वाढ होऊनही साधारण १० सेंटीमीटरच्या आत राहणाऱ्या सिक्लिडना आपण ड्वार्फ म्हणतो. सगळी गडबड इथेच होते. या एका नावाखाली दक्षिण अमेरिकेच्या चहासारख्या तपकिरी, आम्ल पाण्यातले मासे येतात, पश्चिम आफ्रिकेच्या ओढ्यांतले येतात आणि पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या कठीण, अल्कधर्मी पाण्यातलेही येतात. दुकानात ते शेजारीशेजारी पोहत असतात, म्हणून घरीही पोहतील असं वाटतं. पहिल्या महिन्यात मरणाऱ्या माशांपैकी बरेचसे या समजुतीपायी मरतात.

आपण सहसा मासा आवडला म्हणून घेतो, मग टाकी घेतो आणि पाण्याचा विचार मासा आजारी पडल्यावर करतो. या लेखातला क्रम नेमका उलटा आहे.

कोण कोण आहे, ते आधी ठरवा

सर्वांत ओळखीचा चेहरा रॅमचा, म्हणजे निळ्या रॅमचा. शास्त्रीय नाव मायक्रोजिओफेगस रामिरेझी, शास्त्रीय वर्णन १९४८ सालचं, मूळ घर व्हेनेझुएला आणि कोलंबियातलं ओरिनोको नदीचं खोरं. पिवळसर अंग, त्यावर निळे चमचमते ठिपके, डोळ्यातून उभी जाणारी काळी पट्टी, अंगाच्या मध्यावर काळा डाग. लांबी ५ ते ६ सेंटीमीटर. मादीच्या पोटावर गुलाबी झाक असते आणि तिच्या काळ्या डागात बऱ्याचदा निळे खवले मिसळलेले दिसतात. नराच्या पाठीच्या पराचे पुढचे दोन-तीन काटे लांब असतात. गोल्ड, इलेक्ट्रिक ब्लू ही याच माशाची निवडून पैदास केलेली रूपं. 'बलून' रॅम म्हणजे मणका आखूड झालेला मासा. तो घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा भाऊ बोलिव्हियन रॅम, मायक्रोजिओफेगस अल्टिस्पिनोसस. रंग मातकट-पिवळा, परांच्या कडा लालसर, लांबी ७ ते ८ सेंटीमीटर. दुकानातल्या उजेडात तो फिका दिसतो, म्हणून मागे पडतो. पण पहिल्यांदाच ड्वार्फ सिक्लिड पाळणाऱ्याला मी हाच सुचवीन. निळ्या रॅमला लागणारी उष्णता याला लागत नाही, पाण्यातला थोडा फरक तो सोसतो आणि स्वभावही समजूतदार. नर-मादी ओळखणं मात्र कठीण. चार-पाच लहान मासे एकत्र वाढवून जोडी आपसूक जमू देणं हाच खात्रीचा मार्ग.

मग येतो अपिस्टोग्रामांचा मोठा गोतावळा. नव्वदहून अधिक जातींचं वर्णन झालं आहे, पण हौशी टाक्यांत चार-पाचच जास्त दिसतात. काकाटुओइडिस ओळखायला सोपा: नराच्या पाठीचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे, तोंड मोठं, ओठ जाड, शेपटीला वर-खाली दोन टोकं. अगासिझीच्या नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी एकाच टोकाला निमुळती होते आणि अंगावरची काळी पट्टी थेट शेपटीत उतरते. बोरेल्लीचा पाठीचा पर शिडासारखा उंच, अंग निळसर, चेहरा पिवळा, शेपटी गोल. 'डबल रेड', 'ट्रिपल रेड' या काही वेगळ्या जाती नाहीत. शेपटी, पाठ आणि पोटामागचा पर यांपैकी किती परांवर लाल रंग उतरला आहे, त्याचा तो हिशेब.

अपिस्टोच्या माद्या मात्र भल्याभल्यांना चकवतात. लहान, मळकट, एकमेकींसारख्या. त्यात आणखी एक गोम आहे: दबून राहणारे तरुण नर मादीचं सोंग घेतात. मी एकदा 'एक नर, तीन माद्या' असा संच मोठ्या कौतुकाने आणला. दोन महिन्यांनी थोरला नर दुसऱ्या टाकीत हलवला आणि आठवड्याभरात सर्वांत लहान 'मादी'च्या शेपटीला टोकं फुटली. तेव्हापासून मादी निवडताना मी पोटाखालचे पर बघतो. काकाटुओइडिसच्या वयात आलेल्या मादीत त्यांची पुढची कड ठळक काळी असते.

आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, म्हणजे पेल्विकाक्रोमिस पल्कर, नायजेरिया-कॅमेरूनकडचा. नर १० सेंटीमीटरपर्यंत, मादी लहान आणि गोलसर. इथे रंगात मादी वरचढ, विणीच्या दिवसांत तिचं पोट पिकल्या चेरीसारखं लाल होतं. टांगानिकातले शिंपलेवासी, उदाहरणार्थ निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिआटस, चार-साडेचार सेंटीमीटरचे, अंगभर उभ्या पट्ट्यांचे. ते रिकाम्या गोगलगाईच्या शंखात राहतात आणि अंडीही तिथेच घालतात. त्यांची टाकी स्वतंत्रच हवी. वर सांगितलेल्या एकाही माशाशी त्यांचं पाणी जुळत नाही.

खरेदीत दोन फसवणुकी सांभाळा. कॉन्व्हिक्ट किंवा ज्वेल सिक्लिडची पिल्लं चार सेंटीमीटरची असताना गोंडस ड्वार्फ वाटतात. पुढे ती वाढतात आणि अख्खी टाकी ताब्यात घेतात. दुसरं, तीन सेंटीमीटरचं पिल्लू पूर्ण वाढलेल्या नराइतकं रंगलेलं दिसलं तर सावध व्हा. रंग चढवण्यासाठी कधी कधी संप्रेरकं देतात. असे मासे घरी आले की फिके पडतात आणि फार टिकत नाहीत.

आता नळाचं पाणी तपासा

मासा ठरवण्याआधी पाणी मोजा: पीएच, कठीणपणा म्हणजे जीएच, आणि पीएचला जागेवर धरून ठेवणारा कार्बोनेट कठीणपणा म्हणजे केएच. टीडीएस मीटर स्वस्त आणि सोयीचा असतो, पण पाण्यात एकूण किती विरघळलं आहे तेवढंच तो सांगतो. काय विरघळलं आहे ते त्याला कळत नाही.

निळ्या रॅमला मऊ पाणी, पीएच साडेपाच ते सात आणि तापमान २७ ते ३० अंश. बोलिव्हियन २३ ते २७ अंशांत खूश. पैदाशीतून आलेला काकाटुओइडिस आणि क्रिबेन्सिस सहा ते साडेसात पीएच आणि २४ ते २७ अंशांत निभावून नेतात. शिंपलेवासींना कठीण पाणी आणि आठ ते नऊ पीएच. रानातून पकडलेले अपिस्टो हा वेगळाच विषय. त्यांना फार मऊ, आम्ल पाणी लागतं आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

नळाला कठीण पाणी येत असेल तर दोन मार्ग. एक, त्या पाण्याला चालणारा मासा घ्या. दुसरा, आरओचं पाणी मिसळा. हिशेब सोपा: नळाचा टीडीएस ४०० आणि आरओचा २० असेल तर निम्मं-निम्मं मिसळून २१० येतो, एक भाग नळाचं आणि तीन भाग आरओचं घेतलं तर ११५. ठरलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच वापरा. नुसतं आरओचं पाणी कधीच भरू नका. केएच शून्यावर गेला की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो.

पीएच उतरवणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नका. केएच जास्त असेल तर आज उतरलेला पीएच उद्या पुन्हा वर येतो आणि या झोक्यांनी मासा दमतो. जंगली बदामाची (टर्मिनेलिया कटप्पा) वाळलेली, तपकिरी पानं चांगली असतात. ५० लिटरला दोन-तीन पुरे. पाण्याला सोनेरी छटा येते, पिल्लांना चरायला पानांवरचा सूक्ष्म थर मिळतो. पण कठीण पाण्याचा पीएच पानांनी उतरेल ही आशा ठेवू नका.

क्लोरिन घालवायला पाणी एक दिवस उघडं ठेवलं तरी चालतं. क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडून जात नाही. पाण्यात काय मिसळतात याची खात्री नसेल तर डीक्लोरिनेटर वापरा.

टाकी उंच नको, पसरट हवी

हे मासे तळाशी राहतात, त्यामुळे त्यांच्या लेखी उंचीला फारशी किंमत नाही. एका जोडीला ६० बाय ३० सेंटीमीटर तळ हवा. उंचीही ३० धरली तर ५४ लिटर होतात. एक अपिस्टो नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील तर लांबी ८० ते ९० सेंटीमीटरच्या खाली नको. प्रत्येक मादी स्वतःचा इलाका आखते आणि शेजारणीला त्यात पाय ठेवू देत नाही.

तळाला बारीक, गोलसर कणांची वाळू, तीन सेंटीमीटरपर्यंत. 'जिओफेगस' म्हणजे माती खाणारा, आणि रॅम खरोखरच तोंडभर वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळतो. धारदार खडीने तोंड आणि कल्ले सोलवटतात. लाकूड आणि झाडं अशी मांडा की टाकीच्या एका टोकाला असलेल्या माशाला दुसरं टोक दिसू नये. भांडणं कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. वर तरंगणारी झाडं सोडली की उजेड सौम्य होतो आणि बुजरे मासे मोकळ्यावर येतात.

अपिस्टो आणि क्रिबेन्सिसला गुहा लागते, आणि नारळाची करवंटी यासाठी नामी. काथ्या खरवडून काढा, खोबरं राहू देऊ नका, पाणी बदलत दोन-तीनदा उकळा. कडेला जेमतेम मादी शिरेल एवढंच, अडीच-तीन सेंटीमीटरचं भोक पाडा. तोंड मोठं ठेवलं तर नरही आत डोकं घालतो आणि मादी ती गुहा नापसंत करते. जितक्या माद्या तितक्या गुहा, वर एक जास्तीची.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. प्रवाह मंद राहतो आणि पिल्लं ओढली जात नाहीत. हीटर लिटरमागे साधारण एक वॅट. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा लावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून २९ अंशांवरच्या रॅमच्या टाकीत बुडबुडे बंद पडणं परवडत नाही.

महिनाभराचा धीर

टाकी भरल्यावर मासा सोडायचा नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर खाणं टाकून किंवा मोजून शुद्ध अमोनिया घालून जिवाणूंना खाद्य द्या. २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर मुदत बरीच घटते.

रॅमसाठी आम्ल पाणी करायचं असेल तर ते या टप्प्यानंतर करा. पीएच सहाच्या खाली गेला की हे जिवाणू फार मंदावतात. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही.

मासा निवडताना आणि सोडताना

दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पोट आत गेलेलं, पर मिटलेले, कल्ले भराभर हलणारे किंवा विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी दिसली तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, शेजारचा धडधाकट दिसणाराही नको. समोर खायला घालायला सांगा. खाण्यावर झेपावणारा मासा घ्या. त्या टाकीचं तापमान आणि पीएच विचारून ठेवा.

घरी पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळा. लांबच्या प्रवासाने आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अशा वेळी तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसण्यापेक्षा तापमान जुळताच मासा जाळीने उचलून सोडलेला बरा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्या दिवशी दिवे बंद.

जुने मासे असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. हा नियम मी एकदाच मोडला आणि पुढचे दोन महिने जंतांशी झुंजण्यात गेले.

खाणं, शेजारी, आठवड्याचं काम

तोंड लहान, म्हणून दाणे बारीक आणि बुडणारे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. फ्रोझन आर्टेमिया आणि डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव) आठवड्यातून तीन-चारदा. ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) अधूनमधून, रोज नको. एक दिवस उपास पोटाला चांगला.

शेजारी वरच्या थरातले हवेत. पेन्सिलफिश, कार्डिनल टेट्रा किंवा रमीनोज टेट्रांचा थवा बरा. शेवटचे दोन रॅमच्या गरम पाण्यातही टिकतात. वर थवा निवांत पोहतोय हे दिसलं की सिक्लिडही धीट होतात. कोरिडोरास या तळाशी फिरणाऱ्या छोट्या कॅटफिशबद्दल लोक सर्रास 'चालतो' म्हणतात. विणीची जोडी नसेल तर चालतो. पण पिल्लांची राखण करणाऱ्या मादीने हाकललं तरी तो पुन्हा तिथेच येतो आणि रात्री अंडीही खातो.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी जुन्याच्या एक-दोन अंशांत. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली राहायला हवं.

अंगावरची भाषा

हे मासे तोंडाने बोलत नसले तरी अंगाने सगळं सांगतात, आणि मला ते पाळण्यात खरी गोडी याचीच वाटते. अपिस्टोवरची आडवी पट्टी ठळक होते, विरते, तिच्या जागी उभे पट्टे येतात, आणि हे सारं काही सेकंदांत. राखाडी मादी एकाएकी लिंबासारखी पिवळी होऊन काळ्या ठिपक्यांनी सजली की तिच्या मनात वीण आहे किंवा गुहेत अंडी आहेत. तोच मासा कोपऱ्यात पर मिटून, काळवंडून उभा असेल तर कुणीतरी त्याला छळतंय किंवा पाणी बिघडलंय. औषधाची बाटली शोधण्याआधी पाणी तपासा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. तापमान दिवसाला एक-दोन अंश या गतीने ३० पर्यंत न्या, बुडबुडे वाढवा आणि औषध पूर्ण मुदतीचं द्या, ठिपके गेले म्हणून मध्येच थांबू नका. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, खाणं तोंडात घेऊन थुंकणं, पोट खपाटीला जाणं ही आतड्यातल्या परजीवींची लक्षणं. त्यावर मेट्रोनिडाझोल खाण्यातून देतात. गुदद्वारातून लाल बारीक धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल चालत नाही, लेव्हामिसोल लागतं. म्हणूनच लक्षण नीट न बघता तीन औषधं एकदम ओतण्यात काही अर्थ नाही. औषधाचं प्रमाण माशांच्या जाणकार पशुवैद्याला विचारून ठरवा.

वीण

पाणी आणि खाणं जमलं तर वीण मागावी लागत नाही. रॅम सपाट दगडावर किंवा पानावर उघड्यावर अंडी घालतो आणि दोघं मिळून पंख्यासारखे पर हलवत राखण करतात. अपिस्टोची मादी करवंटीच्या छताला लालसर अंडी चिकटवते, आणि मग घर तिचं, नराला प्रवेश नाही. लहान टाकीत ती नराचे पर फाडते. तो वरच्या कोपऱ्यात अडकून पडला असेल तर त्याला हलवा. २७-२८ अंशांना अंडी दोन ते चार दिवसांत फुटतात, पुढे चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. पहिलटकरणी अंडी खाऊन टाकतात. दोन-तीन खेपा वाट बघा.

पिल्लांच्या पहिल्या घासाची तयारी अंडी दिसताच करायची. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, आर्टेमियाची अंडी, जोरात हवा आणि उजेड. २६-२८ अंशांना २४ तासांत आर्टेमियाच्या पिल्लांचा नारिंगी ढग तयार होतो. तो गोड्या पाण्यात धुऊन ड्रॉपरने पिल्लांच्या घोळक्यावर सोडा. अपिस्टो आणि क्रिबेन्सिसची पिल्लं पहिल्या दिवसापासून हे खातात. रॅमची पिल्लं फार बारीक, त्यांना सुरुवातीचे काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, लागतो.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. अनेक अपिस्टोंमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे सुरुवातीच्या दिवसांतल्या तापमानावर ठरतं. गरम पाण्यात नर जास्त, थंडात माद्या. १९९६ साली तीसहून अधिक जातींवर हे तपासलं गेलं. क्रिबेन्सिसमध्ये पीएचचा प्रभाव दिसतो, आम्ल पाण्यात नर वाढतात. म्हणून सगळी खेप एकाच लिंगाची निघाली तर नशिबाला बोल लावण्याआधी हीटर बघा.

पिल्लं दीड सेंटीमीटरची झाली की मादीचं लक्ष उडतं आणि ती पुन्हा पिवळी पडू लागते. आता पिल्लं दुसऱ्या टाकीत. वाटायची वेळ येईल तेव्हा एकाच विणीतली भावंडं जोडी म्हणून देऊ नका, आणि जास्त झाली म्हणून नदीत, तळ्यात किंवा विहिरीत तर मुळीच सोडू नका. पिशवीवर जातीचं पूर्ण नाव, तापमान आणि पीएच पेनाने लिहून द्या, म्हणजे घेणाऱ्याला पाणी आधी तयार ठेवता येईल.